न देणारी वर्षे : आसामातील चहाच्या पहिल्या मळ्यांची लागवड



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकविला. सनावळी तर ते पाठ करून घेतच; पण ती पाठ झाली की "हे काम प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी झाले?" असा प्रश्न हमखास विचारीत. किल्ला बांधणाऱ्या राजाचे नाव पुस्तकात असते, दगड वाहणाऱ्याचे नसते, हे त्या प्रश्नामुळे आमच्या ध्यानात आले. आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, त्याला हाच प्रश्न लावून पाहण्याचा माझा विचार आहे. विषय आहे आसामात चहाचे पहिले मळे कसे उभे राहिले, हा.

इंदुरात राहून चहाच्या लागवडीवर बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आपल्या माळव्याची काळी माती गव्हाला, कापसाला, अलीकडे सोयाबीनला मानवते. चहाला ती मुळीच मानवत नाही. ती चुनखडीची आणि पाणी धरून ठेवणारी. चहाला हवी आम्लधर्मी, खोल आणि पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन. मुळाशी पाणी तुंबले की चहाचे झुडूप कुजते. म्हणून चहाचा मळा आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. कमरेएवढ्या उंचीची, वरून सपाट दिसणारी हिरवी झुडपे आणि पाठीवर टोपली घेतलेल्या स्त्रिया. हे चित्र तयार मळ्याचे आहे. मळा तयार होण्यापूर्वीच्या वर्षांचे चित्र कोणी काढीत नाही, आणि माझ्या मते चहाच्या इतिहासाचे मर्म त्या वर्षांतच आहे.

त्याचे कारण चहाच्या वनस्पतिधर्मात सापडते. गहू पेरला की चार-पाच महिन्यांत घरात येतो. चहाचे तसे नाही. बी रुजवून केलेले रोप वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ रोपवाटिकेत राहते. मग ते कायमच्या जागी लावले जाते. तेथेही पहिली दोन-तीन वर्षे त्याची पाने खुडावयाची नसतात; उलट त्याचा शेंडा छाटावा लागतो, कारण मोकळे सोडले तर ते झुडूप न राहता तीस-चाळीस फुटांचा वृक्ष होऊ पाहते. छाटल्याने ते बुंध्यापासून फुटते आणि आडवे पसरते. पूर्ण उत्पन्न यावयास सहा-सात वर्षे लागतात. पुढे तेच झुडूप पन्नास वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ पाने देत राहते. तात्पर्य, मळेवाल्याचा सगळा नफा नंतरच्या वर्षांत असतो. आरंभीच्या वर्षांत असतो तो केवळ खर्च, केवळ कष्ट आणि केवळ जोखीम. या न देणाऱ्या वर्षांचा भार कोणी वाहिला, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आता घटनाक्रम पाहू. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाचा एक स्कॉटिश व्यापारी वरच्या आसामात सिंगफो जमातीच्या प्रमुखास भेटला आणि तेथील रानात चहा उगवतो, हे त्यास समजले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ब्रूसने चहा "शोधला" असे शालेय पुस्तकांतून लिहिले जाते. वस्तुतः सिंगफो आणि खामती लोकांना त्या झाडाची ओळख पूर्वीपासूनच होती व त्याच्या पानांचे पेय ते आपल्या पद्धतीने करीत असत. शोध लागला तो कलकत्त्यास आणि लंडनला. रॉबर्ट ब्रूस लवकरच वारला. त्याचा भाऊ चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस याने ती रोपे मिळविली व कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांकडे पोचविली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. नॅथॅनिएल वॉलिच यांनी मात्र पाठविलेली पाने पाहून ती खऱ्या चहाची असल्याचे मान्य केले नाही. प्रश्न तेथेच दहा वर्षे पडून राहिला.

त्याला चालना मिळाली ती व्यापारामुळे. १८२६ च्या यांदाबूच्या तहाने आसाम इंग्रजांच्या हाती आला होता. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चीनशी चालणाऱ्या चहाच्या व्यापाराचा मक्ता संपला. चीनवर अवलंबून न राहता हिंदुस्थानातच चहा पिकविता येईल काय, याचा विचार करण्यासाठी लॉर्ड बेंटिंक याने १८३४ साली एक समिती नेमली. समितीचा चिटणीस जॉर्ज गॉर्डन बी आणण्यासाठी चीनला रवाना झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस समितीने सरकारला कळविले की आसामातील झाड हे निःसंशय चहाचेच आहे.

येथून लागवडीची खरी कथा सुरू होते, आणि ती बव्हंशी अपयशाची कथा आहे. चहाचे बी करवंदाएवढे, गोल व तेलकट असते. तेलकट असल्यामुळे त्याची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. वाळले की ते मेले. चीनहून आलेल्या बियांपासून कलकत्त्याच्या उद्यानात सुमारे ४२,००० रोपे तयार झाली. त्यांतील २०,००० वरच्या आसामास, २०,००० कुमाऊं व डेहराडूनच्या डोंगराळ भागास आणि २,००० दक्षिण हिंदुस्थानास पाठविण्यात आली. आसामची रोपे नावांतून ब्रह्मपुत्रेच्या प्रवाहाविरुद्ध कित्येक आठवडे प्रवास करीत गेली व त्यांतील बहुतांश वाटेतच सुकली. जी पोचली ती सदियाजवळ कुंडिल आणि ब्रह्मपुत्रा यांच्या संगमावर लावण्यात आली. जागा नदीकाठची, माती वाळूची. रोपे तग धरीनात. उरलीसुरली उपटून जयपूरला, म्हणजे आसामातील त्या नावाच्या गावी, नेली. त्यानंतर चबुआ येथे मळा झाला. चबुआ या नावाचा अर्थच "चहाची लागवड" असा तेथे सांगितला जातो.

या साऱ्या उपद्व्यापात एक विचित्र गोष्ट लक्षात येते. ज्या भूमीत चहाची झाडे शतकानुशतके आपोआप वाढत होती, त्याच भूमीत समुद्रापलीकडून आणलेली रोपे जगविण्याचा आटापिटा चालला होता. आसामचे झाड "रानटी" आणि चीनचे "सुसंस्कृत", असा तत्कालीन विद्वानांचा ग्रह होता. चीनची जात थंड डोंगराळ प्रदेशात, म्हणजे दार्जिलिंग, कांगडा या भागांत, पुढे चांगली रुजली हे खरे. पण आसामच्या उष्ण व दमट खोऱ्यात ती लहान पानांची आणि कमी उत्पन्नाची ठरली. शिवाय दोन्ही जाती शेजारी लावल्यामुळे त्यांचा संकर होऊन मिश्र बी पसरले. ही गुंतागुंत निस्तरण्यात मळेवाल्यांची पुढची कित्येक वर्षे गेली.

चार्ल्स ब्रूस हा शास्त्रज्ञ नव्हता. ब्रह्मदेशाच्या युद्धात तो तोफनौकांवर होता. परंतु तो पाहून शिकणारा मनुष्य होता. सरकारने त्याला चहाच्या रानांचा अधीक्षक नेमले. रानातली चहाची झाडे दाट सावलीत उंच व विरळ पानांची वाढतात, हे त्याने पाहिले. गावकऱ्यांनी भातशेतीसाठी रान तोडून जाळले की चहाच्या जळक्या बुंध्यांना जोमदार धुमारे फुटतात, हेही त्याच्या नजरेस आले. तोडल्याने हे झाड मरत नाही, उलट अधिक पाने देते, हा धडा अशा रीतीने मिळाला. चीनहून आणलेल्या कारागिरांच्या हातून त्याने आसामच्या पानांचा चहा तयार करविला. त्याच्या ८ पेट्या १० जानेवारी १८३९ रोजी लंडनला लिलावात विकल्या गेल्या, नवलाई म्हणून भरमसाट भावाने. लगेच त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली आणि पुढे सरकारने आपल्या प्रायोगिक मळ्यांचा मोठा भाग तिच्या हवाली केला.

आठ पेट्यांचा चहा मुख्यतः रानातल्या झाडांचा होता. व्यापारासाठी हवे होते ते रांगेत लावलेले मळे, आणि तेथे कष्टांचा हिशेब सुरू होतो. मी तो थोडा तपशिलाने मांडतो, कारण कष्ट हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो.

प्रथम जंगल तोडावयाचे, जाळावयाचे, बुंधे व मुळे खणून काढावयाची. एकही जुने मूळ कुजत राहिले तर त्यावरील बुरशी चहाच्या मुळांना लागते. मग पाण्याचे चर खणावयाचे. दुसरीकडे रोपवाटिकेत गादीवाफे करावयाचे. बी पाण्यात टाकून बुडणारे ठेवावयाचे, तरंगणारे टाकावयाचे. ओल्या वाळूत ते तडकू द्यावयाचे आणि मग वाफ्यात लावावयाचे. वर बांबूचा मांडव घालून गवताचे छप्पर करावयाचे, आणि रोप वाढेल तसतसे ते छप्पर हळूहळू विरळ करीत रोपाला उन्हाची सवय लावावयाची. एकदम उघडे केले तर रोप करपते. कायमच्या जागी दीड-दोन फूट खोल खड्डे घ्यावयाचे. सोटमूळ वाकडे बसले तर रोप आज जगते आणि पुढच्या कोरड्या ऋतूत मरते. म्हणून मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता रोप खड्ड्यात सरळ उतरवावयाचे. त्यानंतर सावलीसाठी शिरीष कुळातील झाडे, मुळाशी गवताचे आच्छादन, वाळवी आणि रोपे कुरतडणाऱ्या रातकिड्यांवर पहारा, आणि पावसाळाभर खुरपणी. आसामच्या पावसात तण इतके वेगाने माजते की थोड्याच आठवड्यांत रोप दिसेनासे होते.

चार फुटांवर एक याप्रमाणे लागवड केली तर एकरात सुमारे २,७०० रोपे बसतात. पाचशे एकरांच्या मळ्यासाठी साडेतेरा लाख खड्डे. प्रत्येक खड्ड्यासाठी कुदळ कोणीतरी उचलली आहे.

ती कोणी उचलली? आसामचा शेतकरी मळ्यावर यावयास फारसा राजी नव्हता. त्याची स्वतःची भातशेती होती. कछारी लोक काही काळ आले, पण मजुरी आणि वागणूक पसंत पडेना तेव्हा काम सोडून गेले. चीनहून व सिंगापुराकडून आणलेल्यांचा प्रयोग फसला. १८४१ साली आसाम कंपनीने छोटा नागपूरकडून ६५२ मजूर निघतील अशी व्यवस्था केली. वाटेत पटकीची साथ पसरली आणि जे वाचले ते पळून गेले. कंपनीची पहिली दहा वर्षे अशीच तोट्यात गेली. मळे वाढू लागले ते १८५० नंतर, आणि १८६० च्या सुमारास त्या वाढीचे वेडात रूपांतर झाले.

या वेडाचे स्वरूप आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. पडीक जमिनी स्वस्तात मिळत होत्या, लंडन व कलकत्त्यास कंपन्यांचे भाग हातोहात खपत होते. न देणाऱ्या वर्षांची वाट पाहण्यास कोणी तयार नव्हते. मळा पिकण्याआधीच, किंबहुना लावण्याआधीच, तो विकण्यात नफा होता. १८७३ च्या एका सरकारी अहवालात एडगर या अधिकाऱ्याने नोंदविलेले उदाहरण असे : नौगाव भागातील एका व्यवस्थापकास लंडनहून आज्ञा आली की अमुक इतके रान तोडून त्यावर चहा लावा, कारण ती जमीन चहाचा मळा म्हणून एका कंपनीला विकून झाली आहे. बियाण्याचे भाव भडकले, मिळेल ते बी मिळेल त्या जमिनीत टोचले गेले. १८६६ साली हा डोलारा कोसळला. कित्येक मळे पुन्हा रानात गेले.

पैसा बुडाला त्यांची नोंद कंपन्यांच्या वह्यांत आहे. परंतु त्याच काळातील दुसरी एक नोंद अधिक गंभीर आहे. मे १८६३ ते मे १८६६ या तीन वर्षांत आसाम व काछारच्या मळ्यांसाठी सुमारे ८५ हजार मजूर आणले गेले, आणि त्यांतील ३० हजारांच्या घरात १८६६ च्या मध्यापर्यंत मरण पावले. पटकी, हगवण, हिवताप, अपुरे अन्न. कारणे ठाऊक होती. या माणसांना छोटा नागपूर, संथाळ परगणा आणि आसपासच्या मुलखांतून आरकाटी म्हणविल्या जाणाऱ्या दलालांनी गोळा केले होते, आगबोटींत दाटीवाटीने भरले होते आणि नुकत्याच तोडलेल्या ओल्या रानात उतरविले होते. डोक्यावर छप्पर पुष्कळदा त्यांनाच आल्यावर बांधावे लागे.

मी मघाशी रोपवाटिकेचे वर्णन केले ते येथे आठवावे. रोपाला नव्या मातीची सवय व्हावी म्हणून मांडव होता, छप्पर विरळ करण्याचा क्रम होता, मुळाभोवतीची जुनी माती सांभाळण्याची दक्षता होती. चाळीस हजार रोपांचे काय झाले याची विचारपूस बेंटिंकच्या समितीपासून सर्वांनी केली. माणसांना मुळाची माती झाडून नेण्यात आले. हे मी अलंकारासाठी म्हणत नाही. रोप मेले तर मळेवाल्याचे भांडवल जाई; मजूर मेला तर दुसरा आणण्याचा खर्च येई, आणि तो खर्च काढून घेण्यासाठी कायदा त्याच्या बाजूला होता.

तो कायदा असा. १८६५ च्या अधिनियमाने मजुरीचा किमान दर पुरुषास महिना ५ रुपये, स्त्रीस ४ रुपये व मुलास ३ रुपये ठरविला, कराराची मुदत तीन वर्षांची ठेवली आणि पळून गेलेल्या मजुरास वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्यास दिला. १८८२ च्या अधिनियमाने ही मुदत पाच वर्षांपर्यंत नेता येऊ लागली. ॲग्रीमेंट या शब्दाचे गिरमिट झाले. या मुदतीकडे पाहताना मला एक गोष्ट सतत जाणवते. चहाचे रोप लावल्यापासून पाने देऊ लागेपर्यंत जो काळ जातो, जवळजवळ तेवढाच हा काळ आहे. कायदा करणाऱ्यांनी हा हिशेब मनात धरला होता, असा दावा मी करीत नाही. परिणाम मात्र तोच झाला : झुडपाच्या न देणाऱ्या वर्षांचा भार गिरमिटाच्या वर्षांवर पडला. भांडवलाला जी वाट पाहावयाची होती, ती माणसाला बांधून पाहिली गेली.

मळा केवळ अशाच रीतीने होऊ शकतो, असे मात्र कोणी समजू नये. मणिराम दिवाण हे आसामी गृहस्थ १८३९ साली आसाम कंपनीचे दिवाण होते. काही वर्षांनी ती नोकरी सोडून त्यांनी जोरहाटजवळ सिनामारा येथे आणि अन्यत्र स्वतःचे मळे उभे केले. चहाचा मळा लावणारे ते पहिले हिंदी गृहस्थ मानले जातात. १८५७ च्या उठावाच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून २६ फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना जोरहाटला फाशी देण्यात आले व त्यांचे मळे गेले. एतद्देशीय मळेवाल्याची वाट त्यानंतर दीर्घकाळ खडतर राहिली.

मजुरांच्या स्थितीवर आवाज उठला तो हळूहळू. १८८० च्या दशकात बंगालचे द्वारकानाथ गांगुली यांनी स्वतः आसामात हिंडून मळ्यांची हकीकत "संजीवनी" पत्रातून प्रसिद्ध केली. सर हेन्री कॉटन हे आसामचे मुख्य आयुक्त असताना त्यांनी मजुरीचे दर वाढविण्याचा आग्रह धरला आणि मळेवाल्यांचा रोष ओढवून घेतला. हेच कॉटन १९०४ साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. मळेवाल्याचा अटकेचा अधिकार १९०८ साली रद्द झाला. १९२१ च्या मे महिन्यात चारगोला खोऱ्यातील हजारो मजुरांनी मळे सोडून गावाची वाट धरली, तेव्हा चांदपूरच्या स्थानकावर त्यांच्यावर गुरखा शिपाई सोडण्यात आले. स्वतंत्र भारतात १९५१ साली मळा कामगारांचा कायदा होऊन घर, पाणी, औषध व शाळा यांची जबाबदारी मळ्यावर टाकण्यात आली.

लागवडीचे शास्त्रही मधल्या काळात पुष्कळ पुढे गेले. जोरहाटजवळ टोकलाई येथे १९११ साली प्रयोगकेंद्र सुरू झाले. १९४९ साली तेथून निवडक झुडपांच्या छाटकलमांपासून वाढविलेल्या पहिल्या जाती प्रसृत झाल्या. आता एका पानाचे कलम प्लास्टिकच्या पिशवीत रुजवितात, त्यामुळे मिश्र बियाण्याचा जुना घोळ उरला नाही. कलमाला सोटमूळ नसते, म्हणून अवर्षणात त्याची अधिक काळजी घ्यावी लागते. न देणारी वर्षे थोडी कमी झाली आहेत, संपलेली नाहीत. ती झाडाच्या स्वभावात आहेत.

आणखी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत आसामच्या मळ्यांसाठी मध्य प्रांतातूनही मोठी भरती झाली. त्यांत रायपूर, बिलासपूरकडील लोक पुष्कळ होते. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. म्हणजे मराठी इतिहासाच्या नकाशावरची माणसेही त्या मळ्यांत गेली आहेत, जरी आपल्या बखरींत त्यांना जागा नाही.

आपण येथे बसलेले बहुतेक जण स्थलांतरितांचेच वंशज आहोत. आपले पूर्वज होळकरांच्या दौलतीत या प्रांतात आले. कोणाला वतन मिळाले, कोणाला चाकरी, कोणाला पूजाअर्चेचे इनाम. नव्या मातीत रुजेपर्यंत राजाश्रयाचे छप्पर त्यांच्यावर होते, आणि भाषा सांभाळण्यासाठी त्यांनी व त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आपल्या या शाळेसारख्या संस्था उभ्या केल्या. आसामच्या मळ्यांवर गेलेल्या मुंडा, उरांव, संथाळ, गोंड माणसांना यांतले काहीही मिळाले नाही. तरीही ती रुजली. त्यांच्या मिसळलेल्या बोलीतून तेथे सादरी भाषा नांदते, त्यांचे झुमूर नृत्य आज आसामच्या संस्कृतीचा भाग मानले जाते. हे श्रेय कोणत्याही कंपनीचे नव्हे.

इतिहासाच्या पुस्तकात आसामच्या चहापुढे ब्रूस, वॉलिच, बेंटिंक ही नावे लिहिली जातात, आणि ती लिहिली गेलीच पाहिजेत. माझी विनंती एवढीच आहे की आपल्या शाळेत हा पाठ शिकविताना त्यांच्याबरोबर १८६६ च्या त्या तीस हजारांचा आकडाही फळ्यावर लिहावा. ती माणसे झुडपाला पहिले पान येण्यापूर्वीच गेली. त्यांची नावे आता मिळणार नाहीत. त्यांनी लावलेली झाडे मात्र पुढे अनेक दशके पाने देत राहिली.